प्लूटोला कुणी विचारलं नव्हतं : निसर्गविज्ञानं आणि सामाजिक शास्त्रं यांत नेमका फरक कुठे आहे?

अनुमिती

पदवीपर्यंत मी भौतिकशास्त्र शिकले आणि नंतर समाजशास्त्राकडे वळले. तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. घरचे, जुने वर्गमित्र, प्रवासात ओळख झालेले लोक, कुणी ना कुणी विचारतंच, "पण ते खरंखुरं विज्ञान आहे का?" विचारण्यात खोच नसते, जाणून घ्यायचं असतं. म्हणून मलाही नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. मी म्हणायचे, सामाजिक शास्त्रं वयानं लहान आहेत. न्यूटनचा ग्रंथ १६८७ सालचा. ऑग्युस्त काँतनं समाजशास्त्राला आजचं नाव दिलं तेच मुळी १८३०च्या दशकाच्या अखेरीस. दीडशे वर्षांचं अंतर आहे, भरून निघेल. आज हे उत्तर माझं मलाच पटत नाही. आणखी तीनशे वर्षं गेली तरी फरक राहणार आहे, आणि तो का राहणार हे मांडायला हा धागा काढते आहे.

दोन घटना शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं ग्रहाची व्याख्या ठरवली आणि १९३० पासून नववा ग्रह म्हणून शिकवला जाणारा प्लूटो बटुग्रहांत गेला. पाठ्यपुस्तकं बदलली, कित्येकांना हळहळ वाटली. प्लूटो मात्र त्याच कक्षेत, सुमारे २४८ वर्षांत एक फेरी या त्याच चालीनं फिरत राहिला. आता दुसरी घटना. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आपल्या मनोविकारांच्या यादीतून काढून टाकली. हाही कागदावरच्या वर्गीकरणातलाच बदल. पण ज्यांचं वर्गीकरण झालं होतं ती माणसं काल 'रुग्ण' होती आणि आज नव्हती. डॉक्टरसमोर बसताना, आईवडिलांना सांगताना, आरशात बघताना हा शब्द त्यांच्यासोबत असायचा. आणि बदल झाला तो बऱ्याच अंशी याच माणसांनी संघटनेच्या अधिवेशनांत जाऊन वाद घातला म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. निसर्गविज्ञान ज्याचा अभ्यास करतं त्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही. सामाजिक शास्त्र ज्याचा अभ्यास करतं तो ऐकतो, आणि ऐकून बदलतो.

या ऐकण्याचं मला सापडलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण शेअर बाजारातलं आहे. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काची, किंमत काढायचं सूत्र प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोला ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. सुरुवातीला प्रत्यक्षातले भाव आणि सूत्रातून निघणारे भाव यांचा मेळ बसत नव्हता. मग सूत्रावरून काढलेल्या किमतींचे छापील तक्ते व्यवहार करणाऱ्यांच्या हातात आले, ते बघून सौदे होऊ लागले, आणि भाव सूत्राच्या जवळ सरकले. डोनाल्ड मॅकेन्झी या समाजशास्त्रज्ञानं हा सगळा इतिहास बारकाईनं मांडला आहे. पुढे १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, आणि त्या धक्क्यानंतर भाव सूत्रापासून लांब गेले ते पहिल्यासारखे जुळलेच नाहीत. म्हणजे तेच सूत्र आधी न लागू पडणारं, मग लागू पडणारं, मग पुन्हा न लागू पडणारं. त्यात एक अक्षरही बदललं नव्हतं. सफरचंदाचं असं होत नाही. न्यूटनचं वाचून ते पडायला शिकलेलं नाही.

माझं हे विधान कुठे मोडतं ते मला इथे ऐकायचं आहे. सहमतीपेक्षा त्याचीच जास्त गरज आहे.

लोलक

छान धागा. मी वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

दरवर्षी मुलांना लोलकाचा प्रयोग असतो. एक मीटर दोरी, वीस आंदोलनं, हातात स्टॉपवॉच. त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर ९.८ यायला हवं हे वर्गातल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं. एका मुलीच्या वहीत वीस आंदोलनांसमोर ४०.७ सेकंद लिहून खोडलेलं दिसलं, वर ४०.१ लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सर, आधीचं चुकलं होतं." कशावरून चुकलं? "उत्तर ९.५३ येत होतं." मी तिला दोरी पुन्हा मोजायला लावली. तिनं गाठीपासून हुकापर्यंत मोजली होती. खरं तर गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती. तीन सेंटिमीटर राहून गेले होते. खोडलेलं वाचन अगदी बरोबर होतं, आणि वर लिहिलेलं तिनं मनानं घातलेलं होतं.

मुलांचं सोडा. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला. त्याचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी आला, कारण हवेच्या श्यानतेसाठी (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधासाठी) त्यानं वापरलेला आकडा चुकीचा होता. त्यानंतरच्या लोकांनी मोजलं तेव्हा आकडा एकदम बरोबर जागी गेला नाही, हळूहळू वर सरकत गेला. रिचर्ड फाइनमननं १९७४ च्या एका भाषणात याचं कारण सांगितलं होतं. मिलिकनपेक्षा फार वेगळा आकडा आला की लोक आपलं काय चुकलं ते शोधत बसत, आणि जवळचा आला की शोधणं थांबवत.

तेव्हा ऐकणारा आमच्याकडेही असतो. इलेक्ट्रॉन ऐकत नाही, पण मोजणारा ऐकतो. आमच्याकडे माणूस उपकरणाच्या एका टोकाला असतो, तुमच्याकडे दोन्ही टोकांना. त्यामुळे तुमचं काम अवघड आहे हे मान्य, पण आमचं टोक अगदी निर्मळ आहे असं कुणी समजू नये.

स्थिरांक

मला हे सगळं जरा मूळ मुद्द्याला बगल देणारं वाटतं. विज्ञानाची कसोटी भाकीत ही आहे. युरेनसच्या कक्षेत न जुळणारं काहीतरी होतं. ल व्हेरिये या फ्रेंच गणितज्ञानं कागदावर गणित करून अज्ञात ग्रह आकाशात कुठे असेल ते कळवलं आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गालंनं दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. सामाजिक शास्त्रांनी असा एक तरी नेपच्यून शोधून दाखवावा. माणूस ऐकतो म्हणून भाकीत चुकतं, हे स्पष्टीकरण फार सोयीचं आहे. कुठलंही भाकीत चुकलं की तेच पुढे करता येईल.

रानवाट

@स्थिरांक, त्याच ल व्हेरियेनं १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतली तफावत बघून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार असं सांगितलं होतं. त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. तीच पद्धत, तोच गणिती, तोच आत्मविश्वास. लोकांनी कित्येक वर्षं शोधला, सापडला असंही काहींनी जाहीर केलं. तो ग्रह नव्हताच. शतकाला ४३ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून सुटली. आपण नेपच्यूनची गोष्ट सांगतो आणि व्हल्कनची सांगत नाही.

दुसरं म्हणजे निसर्गविज्ञान म्हटलं की सगळे भौतिकशास्त्रच डोळ्यांपुढे आणतात. मी परिसंस्थांचा अभ्यास करते. माझ्याकडे नेपच्यून नाही. एका तळ्यात पुढच्या वर्षी कोणती शेवाळं वाढतील हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भूशास्त्राला, उत्क्रांतीच्या अभ्यासाला तर प्रयोग पुन्हा करून बघायची सोयच नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर एकदाच संपले. १९८० मध्ये आल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण लघुग्रहांत जास्त असणारा धातू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे एवढ्यावरून लघुग्रह आदळल्याचं सुचवलं. मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर तेच, हे १९९१ च्या सुमारास पुढे आलं. हे काम इतिहासकाराच्या कामासारखंच आहे. पुरावे गोळा करायचे, एकमेकांशी ताडून बघायचे, साक्षीदार उरलेला नाही हे गृहीत धरायचं.

हवामानाचंही तेच. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झनं संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि काही महिन्यांच्या काल्पनिक हवामानाचा पुढचा भाग पूर्ण वेगळा निघाला. इथे ऐकणारा कुणी नाही, सगळे नियम माहीत आहेत, तरी लांबचं भाकीत नाही. म्हणून भाकीत हा दोन गटांमधला बांध होऊ शकत नाही. तो निसर्गविज्ञानाच्या आतूनच जातो.

अनुमिती, तुमच्याही विधानाला माझी एक हरकत आहे. जंतू बदलतातच की. आपण प्रतिजैविक वापरतो, ते प्रतिकारक्षम होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच याचा इशारा दिला होता. आपल्या कृतीला उत्तर देणारा निसर्ग आहेच.

शांतवाचक

वाचते आहे. वाचनखूण साठवली. मिलिकनची गोष्ट माहीत नव्हती.

अनुमिती

@रानवाट, जंतूंचा मुद्दा चांगला आहे, त्यावर कालपासून विचार करते आहे. जंतू आपण काय करतो त्याला उत्तर देतात, आपण काय म्हणतो त्याला देत नाहीत. 'पेनिसिलिन' हा शब्द, त्याबद्दलचा शोधनिबंध, वर्गातलं व्याख्यान यांनी जंतूंत काही बदल होत नाही. औषध प्रत्यक्ष पडावं लागतं, त्यात बहुतेक मरावे लागतात, आणि तग धरणारे वाढावे लागतात. माणसाच्या बाबतीत नुसतं विधान पुरतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं १९४८ मध्ये दिलेलं उदाहरण आठवा. सुस्थितीतली बँक, ती बुडणार अशी अफवा, ठेवी काढायला रांग, आणि संध्याकाळपर्यंत बँक बुडालेली. सकाळी जे विधान खोटं होतं ते लोकांनी ऐकल्यामुळे खरं झालं.

तेव्हा माझं विधान थोडं आवळून घेते. नुसता प्रतिसाद दोन्हीकडे आहे. आपल्याबद्दलचं वर्णन समजून घेऊन त्याला दिलेला प्रतिसाद फक्त एकीकडे आहे.

@लोलक, "दोन्ही टोकांना" हे मी आता सगळीकडे वापरणार, आधीच सांगून ठेवते.

शब्दवेध

थोडं अवांतर, पण आपल्या भाषेपुरतं महत्त्वाचं. मराठीत 'शास्त्र' हा शब्द फार मोकळा आहे. भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, व्याकरणशास्त्र, नाट्यशास्त्र, पाकशास्त्र, सगळ्यांना तो चालतो. शिस्तीनं मांडलेलं, शिकता-शिकवता येणारं ज्ञान म्हणजे शास्त्र. 'विज्ञान' शब्द मात्र आपण जवळपास निसर्गापुरता राखून ठेवला आहे. जर्मन भाषेत 'विसेनशाफ्ट' या शब्दात इतिहास आणि रसायन दोन्ही बसतात, इंग्रजीतल्या 'सायन्स'मध्ये इतिहास बसत नाही. "ते खरंखुरं विज्ञान आहे का?" हा प्रश्न त्यामुळे पुष्कळदा शब्दकोशाचा असतो.

आणि एक विनंती. 'समाजशास्त्र' म्हणजे सोशिऑलॉजी, एक विषय. 'सामाजिक शास्त्रे' म्हणजे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र वगैरे सगळा गट. धाग्यात दोन्ही वापरलेत ते बरोबर जागी वापरलेत, पण बाहेर यांची सरमिसळ होते आणि मग एका विषयाचा दोष सगळ्यांच्या माथी बसतो.

अर्थबोध

मी अर्थशास्त्रातला. अनुमितीताईंच्या बाजूनं एक उदाहरण देतो आणि विरोधात एक.

बाजूनं: ए. डब्ल्यू. फिलिप्सनं १९५८ मध्ये ब्रिटनची १८६१ ते १९५७ ची आकडेवारी मांडली. बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगानं वाढते, जास्त असते तेव्हा हळू. जवळजवळ शंभर वर्षं टिकलेला संबंध होता. धोरणं ठरवणाऱ्यांनी तो महागाई आणि बेरोजगारीचा संबंध म्हणून हाती घेतला, की थोडी महागाई सोसा आणि बेरोजगारी घटवा. पण महागाई मुद्दाम होऊ दिली जाते आहे हे कळल्यावर कामगारांनी ती आधीच धरून मजुरी मागायला सुरुवात केली, मालकांनी आधीच धरून भाव लावले. १९७०च्या दशकात महागाई आणि बेरोजगारी दोन्ही एकदम वाढली. त्यात तेलाच्या धक्क्यांचाही हात होता, पण जुना संबंध ज्या आधारावर उभा होता तो निसटलाच. रॉबर्ट ल्यूकसनं १९७६ मध्ये याची नीट मांडणी केली. त्याचं म्हणणं असं की जुन्या धोरणाखालच्या आकडेवारीवरून नव्या धोरणाचा परिणाम सांगता येत नाही, कारण धोरण बदललं की लोकांचे अंदाजही बदलतात.

@स्थिरांक, "ऐकलं म्हणून बदललं" ही पळवाट नाही. कोण ऐकेल, काय ऐकेल आणि ऐकून कुठल्या दिशेला जाईल हे आधी सांगता येतं आणि ते चूकही ठरू शकतं. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी १९६७-६८ मध्येच, म्हणजे तो संबंध मोडण्याआधी, तो मोडेल असं सांगितलं होतं. तुम्ही नेपच्यून मागितलात. हा माझ्या मते त्याच्या बराच जवळ जातो.

आता विरोधात. आमच्यातलं सगळंच ऐकत नाही. आज पाच वर्षांची असलेली मुलं वीस वर्षांनी पंचवीस वर्षांची असतील, त्यांनी लोकसंख्याशास्त्र वाचलं काय अन् नाही वाचलं काय. जन्मदर घसरल्यावरही लोकसंख्या काही दशकं वाढत राहते, कारण तरुणांची संख्या आधीच मोठी असते. असे बहिरे भाग सामाजिक शास्त्रांत भरपूर आहेत आणि तिथे आमची भाकितं चांगली ठरतात. म्हणजे तुमचा फरक खरा आहे, पण तो दोन शास्त्रांमध्ये पडत नाही, प्रश्नाप्रश्नांमध्ये पडतो.

चिकित्सक

अर्थबोध यांच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. त्यात पद्धतीबद्दल थोडी भर घालतो, कारण मी साथरोगांच्या क्षेत्रात आहे आणि आमचा पाय दोन्ही होड्यांत असतो.

जॉन स्नो या डॉक्टरची लंडनमधली १८५४ ची कॉलऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, साथ पाण्यातून पसरते म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला ती. माझ्या मते त्याचं खरं मोठं काम ते नव्हे. दक्षिण लंडनच्या काही वस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत सरमिसळ गेलेले होते. शेजारची दोन घरं, सारखीच मिळकत, सारखीच हवा, पण पाणी वेगळं. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण थेम्स नदीत वर, सांडपाणी मिसळण्याच्या अलीकडे हलवलं होतं. दुसऱ्या, साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनीनं हलवलं नव्हतं. स्नो दारोदार फिरला आणि मृत्यू झालेल्या घरी पाणी कुणाचं हे विचारत गेला. अनेक घरांना ते सांगता येईना, तेव्हा त्यानं पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून कंपनी ओळखायची चाचणी वापरली. दर दहा हजार घरांमागे मृत्यू निघाले साउथवर्क आणि व्हॉक्सहॉलकडे ३१५ आणि लॅम्बेथकडे ३७. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं जगापुढे आणला तो तीस वर्षांनी.

आता १९९२ ला या. एक एप्रिलला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची ४१० फास्ट फूड दुकानं आधी आणि नंतर तपासली. वेतन वाढलं की नोकऱ्या जातात असं पुस्तकात होतं, पण न्यू जर्सीत त्या घटलेल्या दिसल्या नाहीत. त्यावर वाद झाले, दुसऱ्यांनी वेगळी आकडेवारी घेऊन वेगळा निष्कर्षही काढला, पण पद्धत बघा. दोन नळ, दोन राज्यं. स्नोचीच पद्धत आहे. कार्डला २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या प्रकारच्या कामाचा मोठा वाटा आहे.

स्नोला मी निसर्गवैज्ञानिक म्हणू की सामाजिक? त्याच्याकडे जंतू नव्हता. त्याच्याकडे घरं, पत्ते आणि मृत्यूंची यादी होती.

आणखी एक, जरा बोचणारं. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले, त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक होता, पुन्हा करताना ३६ टक्क्यांत. तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, बघा, सामाजिक शास्त्रं. पण २०१२ मध्येच 'नेचर'मध्ये कर्करोग संशोधनाबद्दल असंच छापून आलं होतं. गाजलेली ५३ कामं तपासली, पडताळता आली ती सहा. तिथे तर पेशी आणि उंदीर होते. लोलक सरांच्या विद्यार्थिनीची खाडाखोड मला त्या दोन्ही आकड्यांमागे दिसते.

गणती

मी संशोधक नाही. सर्वेक्षणात प्रश्नावली घेऊन घरोघरी जाते, ज्या आकड्यांवर तुम्ही सगळे बोलता ते गोळा करणाऱ्यांतली एक. अर्थबोध यांनी बेरोजगारीचा उल्लेख केला म्हणून लिहिते आहे.

आमचा प्रश्न असा असतो: "गेल्या सात दिवसांत तुम्ही मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी निदान एक तास काम केलंत का?" आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत एक तासही पुरतो. सूचना कडक असते, की प्रश्न छापलाय तसा वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही.

एका बाईंना विचारलं. म्हणाल्या, "नाही हो, मी घरीच असते." त्यांच्या मांडीवर शर्टांचा गठ्ठा होता. माझ्याशी बोलता बोलता त्या बटणं लावत होत्या. डाव्या अंगठ्याखाली बटण दाबून धरायचं, सुई चार वेळा आरपार, दोऱ्याला मागून दोन वेढे, दातानं दोरा तोडला की शर्ट उजवीकडे, पुढचा डावीकडून. माझ्या प्रश्नावलीची दोन पानं संपेपर्यंत उजवीकडे पाच शर्ट झाले. मी 'नाही' वर खूण केली, कारण त्या 'नाही' म्हणाल्या होत्या. पुढचा प्रश्न, काम शोधताय का? नाही. म्हणजे त्या कामात नाहीत आणि बेरोजगारही नाहीत. तक्त्यात त्या श्रमशक्तीच्याच बाहेर गेल्या.

निघताना मला राहवलं नाही. वही मिटली आणि गठ्ठ्याकडे बोट दाखवलं, "आणि हे?" म्हणाल्या, "हे? हे काय काम आहे होय? वेळ जातो." नगावर पैसे मिळत होते त्यांना.

तुम्ही 'मोजणं' म्हणता तेव्हा मला ते पाच शर्ट आठवतात.

स्थिरांक

गणतीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं आधीचं म्हणणं मी थोडं मागे घेतो. मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि तुमच्याकडे ते ठरवण्यात समोरच्या माणसालाही बोलावं लागतं, हे मी कधी असं बघितलं नव्हतं.

पण एक सांगतो, हताश होऊ नका. तापमानाचंही सुरुवातीला काही खरं नव्हतं. सेल्सिअसनं १७४२ मध्ये मोजपट्टी केली तेव्हा उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्याला शंभर दिले होते, ती नंतर उलटवली. उष्णता म्हणजे नेमकं काय हे उलगडायला आणखी शंभर वर्षं लागली. तोवर लोक तापमापक वापरतच होते, आणि मोजता मोजताच व्याख्या सुधारत गेली. चांगली मोजपट्टी आधी आणि समज नंतर, असं विज्ञानात पुष्कळदा झालेलं आहे.

अनुमिती

@स्थिरांक, मनापासून आभार. तापमानाचं उदाहरण मला फार उपयोगी आहे. फक्त एक अडचण. पाऱ्याला आपण सेल्सिअसच्या मोजपट्टीवर आहोत हे ठाऊक नव्हतं. बुद्धिमत्तेच्या मोजपट्टीचं काय झालं बघा. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेनं १९०५ मध्ये चाचणी तयार केली ती शाळेत जास्तीची मदत कुणाला लागेल हे कळावं म्हणून. तो आकडा जन्मभराचा ठप्पा नाही असं तो स्वतः सांगत होता. पुढे ती इतरत्र नेमकी ठप्प्यासारखीच वापरली गेली, आणि ज्या मुलाला "तू कमी आहेस" असं सांगितलं ते मूल पुढच्या परीक्षेला ते ऐकूनच बसलं. मोजपट्टी सुधारत गेली तरी ही जखम तापमापकाच्या इतिहासात कुठे सापडत नाही. मला सामाजिक शास्त्रांकडून जास्त काळजी हवी आहे ती यासाठी.

@अर्थबोध, तुमची दुरुस्ती मी स्वीकारली. "प्रश्नाप्रश्नांमध्ये पडतो" हे माझ्या मूळ विधानापेक्षा बरोबर आहे. एखादा प्रश्न हाती घेतला की आधी विचारायला हवं, याचं उत्तर ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचणार आहे का, आणि पोचलं तर तो काय करेल?

दोन्ही घरांमधलं एक जुनं देणंघेणंही इथे नोंदवून ठेवते, कारण सामाजिक शास्त्रं नेहमी भौतिकशास्त्राची नक्कल करतात असा समज आहे. केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञानं गुन्हे, लग्नं, माणसांची उंची यांच्या आकडेवारीत ठरावीक घाट दाखवला. एकेक माणूस काय करेल सांगता येत नाही, पण हजारोंचं सांगता येतं. त्यावरचं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचं परीक्षण भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या वाचनात आलं होतं, आणि वायूच्या रेणूंचा वेग एकेकाचा न सांगता समूहाचा सांगायचा, ही १८६० ची त्याची मांडणी त्या विचाराच्या जवळची आहे. डार्विननं १८३८ मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि नैसर्गिक निवडीची किल्ली त्याला तिथे मिळाली, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे.

@गणती, एक विचारायचं आहे. तुमच्या सर्वेक्षणात त्याच घरी पुन्हा जावं लागतं का? त्या बाई पुन्हा भेटल्या?

लोलक

या धाग्यामुळे मी यंदा प्रयोग बदलला. दोरीचं वरचं टोक एका खोक्यात लपवलं आणि मुलांना सांगितलं, त्वरण ९.८ धरा आणि दोरीची लांबी काढा. प्रत्येक गटाला वेगळी दोरी, आणि लांबी मलाही माहीत नाही, प्रयोगशाळेतल्या मदतनीसांनी कापल्या होत्या. वह्या बघितल्या. खाडाखोड जवळपास नाही, आणि एका गटानं आपणहून तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहिले होते.

गणती

हो, जावं लागतं. तीन महिन्यांनी त्याच घरी दुसरी फेरी असते. उत्तर द्यायला उशीर झाला, फेरी सुरू होती.

गेले तर त्याच जागी बसल्या होत्या, मांडीवर गठ्ठा. मी प्रश्न वाचला, छापलाय तसाच. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, "हो, करते की काम. मागच्या वेळी तुम्ही बोट दाखवलंत ना, तेव्हापासून मी शर्ट मोजते." भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहिलेला होता. साठ, बावन्न, एकाहत्तर. ठेकेदाराचा हिशेब एकदा चुकीचा निघाला तोही त्यांनी त्यावरून पकडला होता.

मी 'हो' वर खूण केली. तक्त्यात एक बाई तीन महिन्यांत श्रमशक्तीच्या बाहेरून आत आली. बटणं त्या आधीही एवढीच लावत होत्या, हे मी त्यांना विचारून खात्री करून घेतलं. फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते आणि ती बहुतेक वेळा रिकामी राहते. त्या दिवशी दोन ओळी पुरल्या नाहीत, समासात लिहावं लागलं.